विश्लेषण : खऱ्या पैशांच्या ऑनलाइन गेममध्ये २० वर्षे घालवणाऱ्याच्या हाती काय उरते?

गेममध्ये जमवलेली नाणी डॉलरमध्ये बदलून थेट बँक खात्यात आणता येतील, असे आश्वासन देत स्वीडनमधील ‘एन्ट्रोपिया युनिव्हर्स’ हा गेम दोन दशकांहून अधिक काळ सुरू आहे. या गेममधला एक आभासी लघुग्रह एक लाख डॉलरला विकत घेऊन पाच वर्षांनी सहापट किमतीला विकणारा खेळाडू जगभर गाजला. मात्र रोज दोन तास खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचा हिशेब काय सांगतो? ‘खेळा आणि कमवा’ म्हणणाऱ्या या अर्थव्यवस्थेत पैसा येतो कुठून आणि जातो कुठे? भारताच्या नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या पार्श्वभूमीवर त्याचा आढावा.

हा गेम नेमका काय आहे?

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ‘माइंडआर्क’ कंपनीने ३० जानेवारी २००३ रोजी ‘प्रोजेक्ट एन्ट्रोपिया’ या नावाने हा गेम व्यावसायिकरीत्या सुरू केला. पुढे त्याचे नाव ‘एन्ट्रोपिया युनिव्हर्स’ झाले. भविष्यकाळात दूरच्या ‘कॅलिप्सो’ ग्रहावर माणसांनी वसाहत केली आहे, अशी त्याची कल्पना. हजारो खेळाडू एकाच वेळी तिथे वावरतात, प्राण्यांची शिकार करतात, जमिनीतून खनिजे काढतात, कारखान्यात वस्तू बनवतात आणि एकमेकांना विकतात.

गेम डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, मासिक वर्गणीही नाही. वेगळेपण आहे ते चलनात. गेममधले चलन ‘प्रोजेक्ट एन्ट्रोपिया डॉलर’ म्हणजेच पीईडी. त्याचा दर कंपनीने कायमचा बांधून ठेवला आहे : १० पीईडी म्हणजे एक अमेरिकी डॉलर. खेळाडू खरे पैसे भरून पीईडी घेऊ शकतो आणि कमावलेले पीईडी डॉलर म्हणून काढूही शकतो. बहुतेक गेममध्ये पैसे आत जाण्याचा रस्ता असतो, बाहेर येण्याचा नसतो. इथे दोन्ही बाजूंचे दार उघडे आहे. २००६ मध्ये तर कंपनीने गेममधील शिल्लक एटीएममधून काढता येईल असे कार्डही आणले होते.

नव्या खेळाडूची सुरुवात कशी होते?

खिशातून काही न घालता खेळायचे ठरवले तर नव्या खेळाडूच्या वाट्याला येते ते घाम गोळा करण्याचे काम. हे विनोदाने म्हटलेले नाही. एखाद्या प्राण्यासमोर उभे राहून त्याचा घाम बाटलीत भरायचा, तो प्राणी अंगावर आला की पळायचे किंवा मरायचे, आणि पुन्हा सुरुवात करायची. गेममध्ये दुसऱ्या वस्तू बनवण्यासाठी हा घाम कच्चा माल म्हणून लागतो. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळते. पण हजार बाटल्या विकून हाती पडतात ते मोजके पीईडी. डॉलरच्या भाषेत ही सेंटमधली कमाई.

तासन् तास घाम गोळा करून कंटाळलेला खेळाडू शेवटी कार्ड काढतो आणि दहा-वीस डॉलर भरतो. बंदूक घेतो, गोळ्या घेतो आणि शिकारीला निघतो. बहुतेकांचा या अर्थव्यवस्थेतला प्रवास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

शिकारीचा हिशेब काय सांगतो?

इतर गेममध्ये गोळी झाडणे फुकट असते. इथे प्रत्येक गोळीला किंमत आहे. बंदूक वापरली की झिजते, तिच्या दुरुस्तीला पैसे लागतात. चिलखत झिजते, उपचाराचे यंत्र झिजते. खनिज शोधायचे तर प्रत्येक खोदकामाला खर्च. त्या बदल्यात मारलेल्या प्राण्याकडून किंवा जमिनीतून काही ‘लूट’ मिळते. कधी काहीच मिळत नाही, कधी खर्चाइतके, तर क्वचित कधी शेकडो पट. मोठी लूट मिळाली की खेळाडूचे नाव सगळ्या गेमभर झळकते. त्याच क्षणी खर्च होऊन गेलेल्या इतर हजारो गोळ्या मात्र कुणालाच दिसत नाहीत.

नमुन्यादाखल एक आकडेमोड करू. समजा, एक खेळाडू तासाला १०० पीईडीचा दारूगोळा आणि झीज खर्च करतो आणि सरासरी ९५ पीईडीची लूट परत मिळवतो. ९५ टक्के परतावा ऐकायला वाईट वाटत नाही. तासाला तोटा फक्त पाच पीईडी, म्हणजे अर्धा डॉलर. रोज दोन तास खेळल्यास दिवसाला एक डॉलर, वर्षाला ३६५ डॉलर. २० वर्षांत ७,३०० डॉलर.

यातली मेख अशी की, तोटा भरलेल्या पैशांवर मोजला जात नाही, फिरवलेल्या पैशांवर मोजला जातो. खेळाडूने खिशातून २०० पीईडीच भरले असतील. पण लुटीतून आलेले पीईडी पुन्हा गोळ्यांत घालून तो रोज २०० पीईडीची उलाढाल करतो. प्रत्येक फेरीत पाच टक्के गळतात आणि साधारण २० दिवसांत मूळ रक्कम संपते. तेव्हा तो पुन्हा २० डॉलर भरतो. एकेक भरणा किरकोळ असल्याने बेरीज करण्याचे कुणाच्या मनात येत नाही.

मग जुना खेळाडू टिकतो कसा?

जुन्या खेळाडूला उमगलेली पहिली गोष्ट म्हणजे, लूट विकायची कुठे. गेममधील सरकारी दुकान प्रत्येक वस्तूला ठरलेली मूळ किंमत देते. पण तीच वस्तू दुसऱ्या खेळाडूला हवी असेल तर तो मूळ किमतीवर चार पैसे जास्त मोजतो. या वाढीव रकमेला खेळाडू ‘मार्कअप’ म्हणतात. वरच्याच उदाहरणात ९५ पीईडीची लूट सहा टक्के मार्कअपने विकली तर १००.७ पीईडी हाती येतात. तोट्याचा तास किंचित नफ्याचा होतो. त्यामुळे मुरलेला खेळाडू कोणता प्राणी मोठा आहे हे बघत नाही. कोणत्या प्राण्याकडून मिळणारा माल सध्या लिलावात महाग जातो, हे बघतो. त्याच्याकडे बंदुकीइतकीच महत्त्वाची गोष्ट असते ती म्हणजे स्प्रेडशीट.

दुसरी गोष्ट म्हणजे कौशल्य. नेमबाजी, खाणकाम, उपचार अशी डझनावारी कौशल्ये वापरातून हळूहळू वाढतात. वर्षानुवर्षे खेळलेल्या खेळाडूची कौशल्ये हीच त्याची पुंजी. ती खास ‘चिप’मध्ये काढून दुसऱ्याला विकताही येतात. पण चिप विकली की आपले कौशल्य तेवढे कमी होते. म्हणजे बाहेर पडायचे तर स्वतःला थोडे थोडे मोडून विकावे लागते. अनेक जुने खेळाडू तोटा दिसत असूनही गेम सोडत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. ‘आत्ता सोडले तर इतकी वर्षे फुकट गेली’ ही भावना शेअर बाजारात पडलेला समभाग धरून बसणाऱ्याला चांगलीच ओळखीची असेल.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. रोज दोन तास याप्रमाणे २० वर्षांत १४,६०० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर १,८२५ कामाचे दिवस, म्हणजे पूर्णवेळ नोकरीची सुमारे सहा वर्षे. नफा-तोट्याच्या तक्त्यात हा रकाना सहसा कोरा असतो.

एक लाख डॉलरचा लघुग्रह कुणी घेतला?

या गेमची जगाला ओळख झाली ती जमिनीच्या व्यवहारांमुळे. डिसेंबर २००४ मध्ये डेव्हिड स्टोरी या २२ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने ‘ट्रेझर आयलंड’ हे गेममधले बेट २६,५०० डॉलरला लिलावात घेतले. गेममध्ये तो ‘डेथिफायर’ या नावाने ओळखला जातो. तेव्हाची सर्वांत महागडी आभासी वस्तू म्हणून या खरेदीची गिनेस बुकात नोंद झाली. बेटाबरोबर त्याला तिथे शिकार आणि खाणकाम करणाऱ्यांकडून कर घेण्याचा आणि घरांसाठी भूखंड विकण्याचा हक्क मिळाला. वर्षभराच्या आतच त्याचे पैसे वसूल झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘नेव्हरडाय’ या नावाने खेळणाऱ्या जॉन जेकब्स या अभिनेता-चित्रपटकर्त्याने त्यावर कडी केली. गेममधला एक लघुग्रह त्याने एक लाख डॉलरला घेतला. त्यासाठी त्याने आपले खरे घर गहाण टाकले होते. तिथे त्याने ‘क्लब नेव्हरडाय’ उभारला. नाइट क्लब, दुकाने, सदनिका आणि शिकारीसाठी मोठे घुमट असा सगळा थाट होता. २०१० मध्ये त्याने हा लघुग्रह भागाभागांत विकला. एकूण रक्कम ६ लाख ३५ हजार डॉलर. त्याआधी २००९ च्या डिसेंबरात ‘क्रिस्टल पॅलेस’ हे गेममधले अंतराळ स्थानक ३ लाख ३० हजार डॉलरला गेले होते. २००७ मध्ये गेममधील पाच बँकांच्या परवान्यांच्या लिलावातून चार लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. २०११ च्या अखेरीस तर कंपनीने कॅलिप्सो ग्रहाच्या जमिनीचे ६० हजार हिस्से प्रत्येकी १०० डॉलरला विक्रीला काढले. हिस्सेदाराला ग्रहाच्या उत्पन्नातला वाटा, असा तो करार.

या यशोगाथांत काय सांगितले जात नाही?

स्टोरी आणि जेकब्स यांच्यात एक साम्य आहे. दोघांनी मोठी कमाई केली ती शिकार करून नव्हे, तर जिथे इतर लोक शिकार करतात ती जागा विकत घेऊन. त्यांचे उत्पन्न म्हणजे इतर खेळाडूंनी झाडलेल्या गोळ्यांवरचा कर. जत्रेत नेमबाजीच्या फुगेवाल्याकडे गर्दी करणारे पोरगे जिंकेल की हरेल याची जत्रेच्या मैदानाच्या मालकाला चिंता नसते. त्याचे भाडे ठरलेले असते.

या अर्थव्यवस्थेत बाहेरून पैसा येण्याचा मुख्य मार्ग एकच, तो म्हणजे खेळाडूंनी भरलेले पैसे. गेममध्ये शेत पिकत नाही, की कारखान्यातून निघालेला माल बाहेरच्या बाजारात जात नाही. भरलेल्या एकूण रकमेतून कंपनी सर्व्हर, कर्मचारी आणि नफा यांसाठी आपला वाटा काढून घेते. उरलेल्या रकमेची वाटणी खेळाडूंमध्ये होते. त्यामुळे सगळे खेळाडू मिळून जेवढे भरतात त्यापेक्षा कमीच परत घेऊ शकतात. काही जण नफ्यात असतील तर उरलेल्यांचा तोटा त्याहून मोठा असलाच पाहिजे. हे कुणाच्या कौशल्यावर किंवा नशिबावर अवलंबून नाही. साध्या वजाबाकीचा हा नियम आहे.

याचा अर्थ गेम फसवा आहे, असा नाही. सिनेमाच्या तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. प्रश्न येतो तो तिकिटाला गुंतवणूक म्हटले जाते तेव्हा. मनोरंजनाला दिवसाला एक डॉलर हा खर्च कुणाला परवडेल, कुणाला नाही. पण ‘एक दिवस मोठी लूट लागेल आणि सगळे भरून निघेल’ या हिशेबाने घातलेला डॉलर हा मनोरंजनाचा खर्च राहत नाही.

विकत घेतलेली वस्तू खरोखर खेळाडूची असते का?

कायद्याच्या भाषेत नसते. गेममध्ये प्रवेश घेताना मान्य केलेल्या करारानुसार बंदूक, बेट किंवा लघुग्रह यांची मालकी कंपनीकडेच राहते. खेळाडूला मिळतो तो वापरण्याचा परवाना. एखाद्या प्राण्याची लूट कमी करणे, नवे हत्यार आणून जुन्याचा भाव पाडणे, एखाद्या भागाचे नियम बदलणे हे सगळे कंपनीच्या हातात आहे. या गेममध्ये दुरुस्त न होणारी, ठरावीक वापरानंतर संपणारी हत्यारे आहेत आणि कायम दुरुस्त करता येणारी जुनी हत्यारेही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या हत्यारांना हजारो डॉलरचा भाव येतो तो त्यांच्या दुर्मीळपणामुळे. ही दुर्मीळता निसर्गाने नव्हे, तर कंपनीने ठरवलेली आहे. शिवाय शिल्लक काढून घेताना किमान रकमेची अट, शुल्क आणि प्रतीक्षा असते. म्हणजे आत जायचे दार ढकलले की उघडते. बाहेर पडायच्या दारावर मात्र रांग लावावी लागते.

तरीही एक गोष्ट या कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवी. दोन दशके उलटूनही गेम सुरू आहे आणि दहाला एक हा दर टिकून आहे. या क्षेत्रात हे दुर्मीळ आहे.

इतर गेमचा अनुभव काय?

‘सेकंड लाइफ’ या अमेरिकी आभासी जगात खेळाडूंनीच चालवलेली ‘गिंको फायनान्शियल’ ही बँक अव्वाच्या सव्वा व्याज देत होती. ऑगस्ट २००७ मध्ये ती कोसळली आणि ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख डॉलर अडकले. जानेवारी २००८ मध्ये गेमच्या कंपनीने अशा बँकांवर बंदी घातली.

‘डायब्लो ३’ या गेमने २०१२ मध्ये खऱ्या पैशांचे लिलावघर सुरू केले. खेळाडू राक्षस मारायचे सोडून लिलावात घासाघीस करू लागले. गेमचा मूळ आनंदच त्यामुळे संपतो, असे सांगत ब्लिझार्ड कंपनीने १८ मार्च २०१४ रोजी ते बंद केले.

करोनाकाळात फिलिपिन्समध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या क्रिप्टो गेमवर अनेकांची घरे चालू लागली. गेममध्ये मिळणाऱ्या ‘एसएलपी’ टोकनचा भाव जुलै २०२१ मध्ये ३० सेंटच्या वर होता. पुढच्याच वर्षी तो एका सेंटच्या खाली गेला. मार्च २०२२ मध्ये या गेमशी जोडलेल्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे क्रिप्टो चलन चोरीला गेले. नवे खेळाडू पैसे घेऊन येत होते तोपर्यंत जुन्यांची कमाई होती. ओघ आटला आणि कमाईही आटली. तिन्ही गेमचे तंत्रज्ञान वेगळे, वजाबाकी तीच.

भारतातला कायदा याकडे कसा पाहतो?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक, २०२५’ लोकसभेने २० ऑगस्ट आणि राज्यसभेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी मंजूर केले. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे किंवा अन्य ‘पण’ लावून आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर या कायद्याने बंदी घातली. तो गेम कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात बाजूला ठेवला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘ड्रीम ११’ने त्यानंतर पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. रमी, पोकरची ॲपही थांबली.

एन्ट्रोपियासारख्या गेमच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. एक, ‘पण’ या शब्दात पैशांत बदलता येणारी क्रेडिट, नाणी, टोकन आणि तत्सम वस्तूही धरल्या आहेत. दोन, परदेशातून चालवलेल्या पण भारतात उपलब्ध असलेल्या सेवांनाही कायदा लागू होतो. ही व्याख्या शब्दशः वाचली तर डॉलरमध्ये बदलता येणारे गेममधले चलनही तिच्या कक्षेत येऊ शकते. अशी सेवा पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा आहेत. बँकांना आणि पेमेंट कंपन्यांनाही अशा व्यवहारांना साह्य करण्यास मनाई आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. तो पीडित आहे, अशी सरकारची भूमिका.

पण कायदा दार लावू शकतो, खेळाडूच्या डोक्यातली आकडेमोड बदलू शकत नाही. एक ॲप बंद झाले की परदेशी संकेतस्थळ सापडते, बँकेचा मार्ग बंद झाला की क्रिप्टोचा दिसतो. तिथे अडकलेल्या पैशांसाठी दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न उरतोच.

खेळाडूने काय पडताळून पाहावे?

अशा कोणत्याही गेममध्ये पैसे घालण्यापूर्वी तीन प्रश्न पुरेसे आहेत. मला मिळणारा पैसा कुणाच्या खिशातून येणार आहे? मी विकत घेतलेली वस्तू उद्या कंपनीने निरुपयोगी केली तर माझ्या हातात काय राहील? आणि आजवर मी एकूण किती भरले, किती काढले आणि किती तास दिले? गेममध्ये दिसणारी शिल्लक ही कमाई नव्हे. बँक खात्यात आलेली रक्कम, वजा खात्यातून गेलेली रक्कम, एवढीच खरी कमाई.

जुने खेळाडू हा हिशेब मांडतात तेव्हा अनेकांच्या कागदावर उणे आकडा येतो. तरी त्यातले काही समाधानी असतात. जगभरचे मित्र मिळाले, व्यापार कळला, वेळ चांगला गेला, असे ते म्हणतात आणि ते खोटे नसते. सुरुवातीपासून हा खर्च आहे हे ओळखून, झेपेल तेवढाच खर्च त्यांनी केलेला असतो. उत्पन्न समजून खेळणाऱ्यावर मात्र तोच उणे आकडा कर्ज होऊन बसतो.